न बिघडलेला कार्बोरेटर

जुनी गाडी बघायला जाताना आपला मेकॅनिक सोबत न्यायचा आणि त्याने तिथे काय बोलायचं ते घरूनच ठरवून निघायचं, अशी तेव्हा नाशकात रीतच होती. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास मीही तेच केलं. गाडी सिन्नरच्या एका निवृत्त शिक्षकांची होती. त्यांनी ती इतकी जिवापाड जपलेली की माझ्या मेकॅनिकला खोट सापडेना. मी डोळ्यांनी खुणावलं. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "कार्बोरेटर गेलाय भाऊ. लय काम निघंल."

मला वाटलं, गुरुजी भांडतील. ते उलट ओशाळले. "माझ्या लक्षातच आलं नाही हो," एवढंच म्हणाले आणि मी म्हणेन त्या किमतीला गाडी देऊन टाकली. परतताना त्याच गाडीत आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दोन महिन्यांनी गुरुजी माझ्या दारात उभे. एसटीने आले होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बोरेटर.

"भंगारबाजारात चांगला मिळाला. तुम्हाला खराब वस्तू दिली, तेव्हापासून जिवाला चैन नव्हती."

त्यांच्या पाठीमागेच गाडी उभी होती, एक दिवसही न बिघडलेली. खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण नालायकासारखा हात पुढे करून मी तो कार्बोरेटर घेतला आणि वर मोठेपणाने म्हणालो, "जाऊ द्या गुरुजी, होतं असं कधीकधी."