मनावर घे

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विचारलं की म्हणायचो, "ऑपरेशननंतर हिचा खांदा नीट झालाच नाही." खोटं आहे ते. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं होतं. वाट लावली ती मी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटकोपरला राहायचो. बायको तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. न्हाणीत घसरून पडली आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हात फळ्यापर्यंत पोचायला हवा होता. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, असा व्यायाम दिला होता. सुरुवातीला तिनं केला. मग सोडला. त्याच भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. केससुद्धा विंचरेना.

"मनावर घे जरा!" मी ओरडायचो. मुलुंडची माझी बहीण यायची आणि वर टोमणा मारायची, "वहिनी, बरी सुट्टी मिळाली गं तुला!" मी हसायचो. हसायचो!

एकदा साखरेचा डबा मी मुद्दाम सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. म्हटलं, आता झक मारत हात उचलेल. तिनं चहात साखर घालणंच बंद केलं. मीही हट्टानं तो तसलाच चहा पीत राहिलो. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तपासणीला डॉक्टरांनी तिला विचारलं, "झोप लागते का? जेवण जातं?" तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "सगळं व्यवस्थित आहे. नुसता आळस."

"मन खचलं की माणूस हात हलवत नाही, आणि मग सांधा आखडतो," ते म्हणाले. "मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

मी भडकलो. "आमच्या घरात कुणी वेडं नाही!" हे तिच्यासमोर बोललो. तिनं मान खाली घातली.

जून आला. हात खांद्याच्या वर जाईना. शाळेनं थोडी वाट पाहिली, मग दुसऱ्या बाई घेतल्या.

ते कळलं त्या संध्याकाळी मी डबा खाली काढला आणि माफी मागायला तिच्याजवळ बसलो. तोंडातून निघालं काय, तर "मनावर घेऊ नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, घ्यायचं की नाही घ्यायचं? एकदा काय ते ठरवा."

मी उठलो, चहा टाकला, साखर घातली. 'चुकलं माझं', दोनच शब्द होते. तेव्हा निघाले नाहीत. पुढे ती जाईपर्यंत निघाले नाहीत.