लाखेचे सील असलेली पेटी

धरणाला दगड पुरवणाऱ्या ठेकेदाराने मला फसवले. औषधाची पेटी म्हणून त्याने मला खोके दिले.

खाणीपासून धरणापर्यंत माझ्या बैलगाड्या दगड ओढत. अर्धा मुळशी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसला होता आणि मी त्याचाच दगड वाहत होतो, हेही लिहून ठेवतो. खाणीवर आठवड्याला कुणी ना कुणी चेचले जाई, म्हणून मी ठेकेदाराकडे अडून बसलो. दर गाडीला रोज एक खेप जास्त, त्या बदल्यात मलमपट्टीची पेटी. पेटी आली, वर लाखेचे सील. "गरज पडल्याशिवाय सील तोडाल तर पेटी परत नेईन," असे त्याने बजावले.

बैल घेताना मी जबडा उघडून दात मोजतो. पेटी मात्र उघडली नाही.

रक्त थांबवायला शिकलो ते मोठ्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहून आलेल्या पौडच्या एका म्हाताऱ्याकडून. त्याने मला मुलाण्याकडे नेले, बोकडाच्या मानेतून उडणारी चिळकांडी दाखवली आणि माझा तळहात तिच्यावर दाबला.

"फडकं उचलून बघायचं न्हाई. भाव करताना कसा अडून बसतुयास? तसाच जखमंवर बस. हात दुखंल, दुखू दे."

दसऱ्याला गाडीवानांनी पहारी आणि घणांबरोबर पेटीही मांडली, हळदकुंकू वाहिले. तेव्हापासून ती माझ्या गाडीत पुढे, फुलांसकट असे.

पंधरवड्याने, सकाळच्या पहिल्या खेपेला, गाडीवर चढवताना दगड निसटला. त्याची धार एका वडाराच्या मांडीत आतल्या बाजूने घुसली. मी मुंडासे सोडून जखमेत कोंबले आणि दोन्ही हातांनी दाबून बसलो. रक्त मंदावले. त्याची बायको उशाशी होती. तो म्हणाला, "मालक, मुंडासं गेलं की तुमचं."

"गप. नवं तुझ्याकडनंच घीन."

मुंडासे भिजत चालले होते. पेटीत घट्ट पट्ट्या असतील म्हणून मी गाडीवानाला ओरडलो, "फोड ती!"

तो हलेना. "पूजेची हाय, मालक. पारोशानं कसा हात लावू?"

माझे डोके फिरले. त्याच्या बायकोचे हात जखमेवर ठेवून मी उठलो, त्याला ढकलले आणि पहारीने पेटी फोडली. आत पेंढा, गोणपाटाचे तुकडे आणि एक रिकामी बाटली.

परतलो तेव्हा तिचे हात रक्तावरून घसरत होते. मी पुन्हा दाबले. पण तेवढ्यात जायचे ते गेले होते. दवाखान्यासाठी पौडची वाट धरली; वाटेतले माले गावही आले नव्हते, तोच माझ्या गाडीत त्याने मान टाकली.

ठेकेदार म्हणाला, "सील तुम्हीच तोडलंत. आत काय होतं, मला काय ठाऊक?"

जखमेवरून हात मी उचलला. ते त्या बाईला मी तोंडावर सांगितले. ती नुसती माझ्या हातांकडे पाहत राहिली. आता ठेकेदाराने त्याच खाणीवर, तिच्यासमोर उभे राहावे आणि सांगावे: पेंढा भरून त्यावर लाख कुणी ओतली?