खुर्चीभोवतीची करडी लोकर

लहानपणी घरातली एकही भिंत तिने कोरी ठेवली नव्हती, म्हणून घरात तिचं नाव रेघोटी पडलं. कलाशाळेच्या दुसऱ्या वर्षाला गेली तरी ते काही सुटलं नाही. आता तर तिचा हात इतका तयार झाला होता की डोळे मिटून काढलेली रेघसुद्धा सरळ यायची, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. रेखाटनाचे सर, ज्यांना मुलं पाठीमागे खोडरबर म्हणत, एकदा तिच्या कागदापाशी थांबले. रेघ छान आहे, म्हणाले, पण तिला कुठे जायचंय ते तिच्याआधी तुलाच ठाऊक असतं. मग त्यांनी कामच असं दिलं, की पुढचा महिनाभर हाताने रेघ मारायची नाही.

रेघोटी जी नादाला लागली ती लागलीच. पडद्याच्या टोकाला तिने पेन्सिल बांधली आणि खाली कागद धरून वाऱ्याची वाट बघत बसली. वारा आला तेव्हा नेमकी तिला डुलकी लागली होती. जागी होऊन बघते तर कागदावर एक फिकट, लाजरी रेघ. कोण कधी ठेवून गेलं कळूही नये अशी. ओल्या कागदावर शाईचा थेंब सोडून तो कुठवर जातो हे पाहता पाहता ती जेवायचं विसरली. दुपारी पाण्याच्या पिंपातून उन्हाची वेटोळी छतावर फिरायची आणि त्यांच्यामागे हिचे डोळे. पोरगी हातची गेली, असं आई म्हणायची, पण म्हणताना पिंपावर झाकण काही ठेवायची नाही.

पूर्वी या घरात चौघं होती. वडील बाहेरच्या खोलीत बसून चष्मे दुरुस्त करत, आणि मुलाने शेजारी बसून तेच शिकावं अशी त्यांची फार इच्छा. मुलाने काय केलं, तर बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी धरली. शब्दाने शब्द वाढला. गेलास तर परत या दारात पाऊल ठेवू नकोस, असं वडील बोलून बसले. दादाही शेवटी त्यांचाच मुलगा, त्याने ते अक्षरशः पाळलं. तेव्हापासून वडिलांनी त्याचं नाव टाकलं होतं. आता दादाची बोट रविवारी सकाळी बंदराला लागणार होती आणि संध्याकाळी लगेच सुटणार होती. बाबांनी बोलावलं तरच येईन, असं त्याने आईला फोनवर सांगितलं. आईने ते वडिलांच्या कानावर घातलं. वडिलांनी हातातलं भिंग पुसलं, खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

रेघोटीला दादाची फार आठवण यायची. पण वडिलांपुढे बोलायची तिची छाती नव्हती. रविवारी सकाळी घरात कुणी कुणाशी धड बोलेना, तेव्हा तिने आपलं काम पुढे ओढलं. लोकरीचे दोन गुंडे घेतले, दोन्हींची टोकं बाहेरच्या दाराच्या कडीला बांधली, लाल गुंडा आईच्या झग्याच्या खिशात ठेवला आणि करडा वडिलांच्या सदऱ्याच्या. चालाल तशी लोकर उलगडत जाईल, तुम्ही फक्त रोजच्यासारखं वागा, एवढंच तिचं मागणं. मी पाय अडकून आपटले म्हणजे होईल तुझी रेघ पुरी, असं आई म्हणाली. वडिलांनी गुंडा खिशात तसाच राहू दिला. त्या दिवशी त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

हळूहळू घर लोकरीने भरत गेलं. लाल लोकर ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून कपाटापर्यंत, पुन्हा ओट्यापाशी. भांड्यांचा आवाज, वाफेचा वास, फरशीवरून सरकत जाणारं ऊन, आणि त्यात चमकणारे लोकरीचे तंतू. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या रेघोटीला वाटायला लागलं, की हे घर म्हणजे एक मोठा कागद आहे आणि आपण त्याच्या आत राहतो. तिचे डोळे कधी मिटले ते तिलाच कळलं नाही. झोपेत एक बोट आवाज न करता खोलीतून तरंगत गेली, कुणालाही धक्का न लावता.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. बंदराकडून येणारा रस्ता घरातल्या एकाच खिडकीतून दिसायचा, आणि त्या खिडकीसमोर एक खुर्ची होती. खिडकीशी जायचं तर खुर्चीच्या एका अंगाने जावं लागे आणि परतताना माणूस सहज दुसऱ्या अंगाने येई. म्हणजे दर खेपेला लोकरीचा एक वेढा. खुर्चीचे पाय वेढ्यांनी पार झाकून गेले होते, आणि ती सगळी लोकर करडी होती. रेघोटीला वाटलं, गुंडे देताना आपणच घोळ घातला. वाट बघणार ती आई, हे घरात सगळे धरूनच चालत. तिने स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं.

"माझी लाल आहे," आई म्हणाली. "मी सकाळपासून ओट्याशी आहे. तिघांच्या घरात एवढं कुणासाठी रांधतेय, ते नाही विचारलंस."

रेघोटी बाहेर आली. वडील खुर्चीपाशी उभे होते आणि चोरी पकडली गेल्यासारखे त्या वेढ्यांकडे बघत होते. आता कात्री मागतील, असं तिला वाटलं. मग कुठून बळ आलं कोण जाणे.

"बाबा, बोट संध्याकाळी सुटते," ती म्हणाली.

वडिलांनी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरायला लागले. गुंडा खिशातच राहिला होता. लोकर त्यांच्यामागे पायऱ्यांवरून खाली गेली, फाटकातून बाहेर पडली, फुटपाथवरून चालली. येणारे-जाणारे पाय उचलून ती ओलांडत होते, आणि रेघोटी मागे मागे चालली होती. कोपऱ्यावर लोकर संपली. खिशातून शेवटचं टोक बाहेर आलं आणि ते चिमटीत धरून वडील थांबले.

"काय म्हणू त्याला?" त्यांनी विचारलं. "मीच बोललो होतो, येऊ नकोस म्हणून."

"आता ये म्हणा."

"आणि नाही म्हणाला तर?"

इतक्या वर्षांत वडील तिला पहिल्यांदाच काही विचारत होते. तिला रडू यायला लागलं.

"ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. लोकरीचं टोक तिच्या हातात दिलं, रस्ता ओलांडला आणि बंदराच्या दिशेने चालू लागले, त्या वयात जमेल तितके भरभर.