चार दिवसांच्या गोळ्या एका घोटात

पेंटरकाकांचा हात असा, की दोरी न लावता दुकानाच्या पाटीवर सरळ ओळ काढत. वय सदुसष्ट, पण एकदा शिडीवर चढले की खाली उतरायचं नाव नाही.

घरी मात्र राज्य काकूंचं. काकू शाळेत गणिताच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी मोजायची खोड गेली नव्हती. दर रविवारी त्या काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन रिकामी घरं मोजत. त्या रविवारी काकांच्या लक्षात आलं, चार दिवस गोळी घ्यायची राहूनच गेली होती! काकू आंघोळीला गेल्यात असं पाहून त्यांनी चारही गोळ्या पाकिटातून काढल्या आणि एका घोटात गिळल्या. मोजणी बरोबर जुळली. काका शीळ घालत बेकरीची पाटी रंगवायला निघाले.

दुपारी 'बेकरी'मधला 'री' डोलायला लागला.

"वहिनी, तुमची भिंत वाकडी आहे हो!" काका शिडीवरून ओरडले.

बेकरीवाल्या वहिनी हसत बाहेर आल्या आणि त्यांचं हसू मावळलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिडी घट्ट धरत, एकेक पायरी चाचपत ते उतरले आणि पिठाच्या पोत्यावर बसले. अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी.

"ऊन लागलं असेल," काका पुटपुटले.

"सावलीत ऊन कसलं? औषध काय घेतलंत?"

"चार दिवसांचं."

वहिनींनी लगेच काकांना आडवं केलं, पाय पोत्यावर ठेवले, आणि गाडी बोलावून काकूंना फोन लावला.

दवाखान्यात दाब तळाला गेलेला, नाडी मंदावलेली. सलाईन लागलं, छातीला तारा चिकटल्या. संध्याकाळी दाब वर चढू लागला, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "विसरलेली गोळी सोडून द्यायची, काका! साठवून एकदम घ्यायची नाही. आणखी दोन-चार पोटात गेल्या असत्या तर हृदय थांबलं असतं."

काकूंचे डोळे भरून आले होते, तरी तोंडाचा पट्टा सुटलाच. "मला फसवायचंच होतं, तर कचऱ्यात टाकायच्या होत्यात!"

"चांगलं औषध टाकायचं कसं?" काका ओशाळून म्हणाले.

काकूंना हसू आवरेना. "उद्यापासून मोजणं बंद," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रोज सकाळी मीच हातावर ठेवीन. आणि एखाद दिवशी राहिली, तर सरळ सांगायचं. खाणार नाही मी तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी घरी सोडेपर्यंत काकांचं शेजारच्या तिन्ही खाटांवरच्या रुग्णांना बजावून झालं होतं, "विसरलेली गोळी सोडून द्यायची बरं का!" इतक्या अधिकाराने, की त्यातल्या एका आजोबांनी त्यांनाच डॉक्टर समजून जीभ बाहेर काढून दाखवली.