चुली किती, विचारलं साहेबानं

"पाय वर घ्या आजी, टेप जाऊ द्या," घरपट्टीच्या असेसमेंटचा साहेब म्हणाला. नाकावरचा रुमाल काही त्यानं काढला नाही.

आजी म्हणजे माझी सासू. आम्ही तिला आये म्हणतो. ती चटईवर बसून कोळंबी सोलत होती. तिचे गुडघे पार गेलेत. एकदा खाली बसली की उठवायला दोघी लागतो, मी आणि माझी जाऊ. तिनं हातानं एकेक पाय उचलून बाजूला ठेवला आणि तिच्या पुढ्यातून टेप सरकली. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. साहेब एकटाच आला होता, म्हणून दारातच मला म्हणाला होता, "ए बाई, हे धर. भिंतीला टेकव." मी धरलं. का धरलं? साहेब होता म्हणून. गळ्यात ओळखपत्र दिसलं की आमचा हात आपोआप पुढे होतो, तशीच सवय लागलीय.

मी पाणी आणलं. "नको नको, तुमच्याकडे पाण्यालाही वास असतो," म्हणाला. हसत म्हणाला. मग मोबाईल वाजला. "अरे, कोळीवाड्यात आहे यार. घर आहे की गोदाम, कळत नाही." मराठीतच बोलत होता. आम्ही तिघी समोर. भिंतीला कान असतात म्हणे, आम्हाला नसतात असं त्याला वाटलं असणार.

त्यानं पडवी मोजली. मधली खोली मोजली, मागची मोजली, शिडी चढून माळा मोजला. पडवीतल्या जाळ्यांचे फोटो काढले, बर्फाच्या बॉक्सचा काढला, माझ्या मासळीच्या पाटीचाही काढला. मग विचारलं, "चुली किती?"

आयेनं मान वर केली.

"एक. मी हाय तवर एकच."

आणि हसली. या घरात तिनं दुसरं काही मिळवलं नाही. सोनं होडीच्या इंजिनात गेलं, नवरा दर्यात गेला. दोन पोरं, दोन सुना आणि एक चूल, एवढीच तिची कमाई. साहेबानं लिहून घेतलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघू दे याला, आम्ही कसे राहतो.

तिथंच आमची वाट लागली.

आमचा कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. घर आजेसासऱ्यानं बांधलेलं. मधली खोली माझी आणि माझ्या नवऱ्याची, मागची धाकट्या दिराची. दोघा भावांत होडी एकच. होडी किनाऱ्याला लागली की खायचं म्हावरं आधी आयेच्या टोपात पडतं, उरलेलं मी बाजारात नेते. आयेच्या सासूच्या वेळीही असंच होतं. आमच्या घरात आई जिवंत असताना चूल वेगळी करत नाहीत. केली तर होडी सुखानं परत येत नाही, असं मानतात. हसा तुम्ही. माणसं दर्यात तुमची नाहीत, आमची आहेत.

आता कराचं सांगते. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतचं राहतं घर असेल तर मालमत्ता कर माफ. हे पेपरात आलं तेव्हा गल्लीत फक्त बँजो लावायचा बाकी होता. एक खोलीवाले सुटले, दीड खोलीवाले सुटले. आम्हीही म्हटलं, सुटलो. माझी खोली घ्या नाहीतर दिराची घ्या, पाचशेच्या जवळपासही कुठली जात नाही. पण साहेबानं सगळं एकात धरलं. चूल एक म्हणजे घर एक. घर पाचशेच्या वर, माफी नाही. वर पडवी धंद्याची ठरवली, तिला चढा दर. का, तर तिथं जाळी आहेत. अहो, कोळ्याच्या पडवीत जाळी नाही ठेवायची तर काय सोफासेट मांडायचा?

नोटीस आली त्याच्या पुढच्या रविवारी मी टॉवरमध्ये गेले होते. गल्लीच्या तोंडाशी आहे तो. तिथल्या एका मॅडमना मी दर रविवारी म्हावरं साफ करून द्यायचे. वॉचमन मला मागच्या लिफ्टनं पाठवायचा, ज्या लिफ्टनं कचरा खाली येतो त्या. इतकी वर्षं गेले, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं.

पापलेटं ओट्यावर ठेवताना बोलून गेले, "मॅडम, टॅक्स लावलाय हो आम्हाला. फार लावलाय."

"तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. "अगं, तुम्हा लोकांना तर सगळंच माफ असतं. कर भरायचा आम्ही आणि सवलती तुम्हाला."

मी म्हटलं, "पाचशेच्या वर गेलं घर."

"मग आमच्यासारखं करायचं ना," त्या म्हणाल्या. मनानं वाईट नाहीत, खरंच शिकवत होत्या. "हे दोन फ्लॅट आहेत बघ. एक माझ्या नावावर, एक ह्यांच्या. दोन्ही पाचशेच्या आतले. मधली भिंत काढून टाकली. दोन्हींना माफी."

आत्ताच म्हणाल्या होत्या, कर आम्ही भरतो. स्वतःच्याच दोन वाक्यांत काही गडबड आहे असं त्यांना वाटलं नाही. मी वर बघितलं. पाडलेल्या भिंतीच्या जागी छताला लाकडी पट्टी बसवली होती, तिच्यात बारीक दिवे.

"आणि किचन एकच?" मी विचारलं.

"मग काय दोन ठेवू? इथे एकात शिजवायला वेळ नाही."

लिफ्ट येईपर्यंत कशीबशी कळ काढली. लिफ्टमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहून रडले. पैशासाठी नाही हो. आम्ही आहोत तसे दिसलो, म्हणून फसलो. आयेनं खरं सांगितलं, म्हणून फसलो. ते मला गिळता येईना.

वॉर्ड ऑफिसात गेले. बाकावरचा माणूस माझी पाटी बघून सरकून बसला. साहेब तोच. मी टॉवरचं नाव नाही घेतलं, नुसतं विचारलं, "दोन फ्लॅट जोडून एक चूल असेल तर माफी, आणि आमच्या एका घरात दोन संसार, तर का नाही?"

"तिथे कागदावर दोन आहेत. तुमचं कागदावर एक. मी कागद बघतो."

मग माझ्या म्हाताऱ्या सासूला पाय उचलायला लावून टेप कशाला फिरवलीस, असं विचारायचं होतं मला. बाजारात मी गिऱ्हाइकाला दोन शब्दांत गार करते. तिथं नोटीस घडी करून पाटीत ठेवली.

साहेब खुर्चीत मागे रेलला. "एक काम करा. मध्ये भिंत घाला. प्लायवूडची चालेल. दुसरा गॅस मांडा, जाळी दुसरीकडे हलवा. दोन कुटुंबं दाखवा. मी येतो परत बघायला. तुमच्या भल्याचंच सांगतोय, पण तुम्ही लोक ऐकत नाही."

आम्ही ऐकलं. मीच सगळ्यांना समजावलं. नवऱ्याला म्हटलं, नावापुरतं आहे, साहेब येऊन गेला की काढू. आयेला म्हटलं, "आये, नाटक समज." ती कोळंबी सोलत राहिली.

प्लायवूड मधल्या खोलीच्या मागच्या दाराला ठोकलं. दिरानं गल्लीच्या बाजूला आपलं दार पाडून घेतलं. जाळी नवऱ्यानं बंदरावर नेऊन टाकली, तिथं उंदरांनी कुरतडली. पहिल्या दिवशी आयेपुढे दोन्हीकडून ताट आलं. तिनं एकालाही हात लावला नाही.

"म्हावरं कुनाच्या टोपात टाकलं?" एवढंच विचारलं.

किनाऱ्यावरच दोन वाटे झाले होते. साहेब कधी टपकेल नेम नव्हता, म्हणून दोन्ही गॅसवर खरंच शिजवायला लागलो. आणि खरंच शिजवायला लागलं की खरंच वाटायला लागतं. दीर एकदा म्हणाला, "मोठी सुरमय तिकडं, बारीक मांदेली आमच्याकडं, चांगलाय न्याय." हसत म्हणाला, पण म्हणाला. जाऊ माझ्याकडे मीठ मागायला आली, ती गल्लीतून वळसा घालून, माझ्या पुढच्या दाराची कडी वाजवून. याच घरात आम्ही दोघींनी एकमेकींची पोरं न्हाऊ घातलीत. "आत ये गं," म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली. "नको ताई, घाईत आहे."

मग साहेब आला. रुमाल लावूनच आला. प्लायवूडवर टकटक करून बघितलं, दुसरा गॅस पेटवून बघितला. खूश झाला. "बघा, किती सोपं होतं." मग आयेकडे वळला. "आजी कुणाकडे जेवतात? कुणाच्या कुटुंबात दाखवू?"

आम्ही तिला पढवलं होतं. मीच पढवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी होकाराची मान हलवली.

"मोठ्याकडं," ती म्हणाली.

पलीकडे दीर होता. प्लायवूड ते केवढं, पलीकडची उचकी इकडे ऐकू येते. जावेची पळी टोपात थांबलेली मला कळली.

"आणि धाकट्याशी काही संबंध नाही ना?" साहेब लिहीत म्हणाला. "तसं लिहितो. खाली अंगठा द्या."

आये सही करते. बाजारात बसून शिकली, वेडीवाकडी का होईना, करते. तिनं ते सांगितलंसुद्धा नाही. शाईच्या डबीकडे अंगठा नेला. जन्म दिलेल्या पोराशी संबंध नाही म्हणून अंगठा द्यायला निघाली होती माझी सासू, आणि तिला तिथवर मी आणली होती.

मी तिचं मनगट धरलं.

"नाय द्यायचा अंगठा."

साहेब म्हणाला, "काय झालं बाई?"

"लिहा. चूल एक. घर एक. हे प्लायवूड खोटं आहे."

"माफी जाईल."

"जाऊ दे."

"पडवीचा दर पण तसाच राहील. दंड चढेल. डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. आजपर्यंत नव्हतं. तुम्ही सांगितलं म्हणून मी माझं घर चिरलं. आता तुम्ही तिची कूस चिरायला बसलात. उठा."

साहेबाला मी उठा म्हटलं. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. तो गेला, जाताना म्हणाला, "यांचं कधी भलं होणार नाही." गल्लीत चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाला.

दुपारी नवऱ्यानं आणि दिरानं प्लायवूड उपटलं. तुम्हाला वाटेल, झालं मग, सगळं पहिल्यासारखं. छे. प्लायवूड निघालं, 'मोठ्याकडं' हा शब्द निघत नाही. दीर जेवायला बसतो तो आयेकडे पाठ करून. आये त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढते, तो बाजूला सारतो. कुणाला दोष देऊ? तिला देऊ? साहेबाचं काय, तो दुसऱ्या गल्लीत मोजायला गेला.

मी हरकत लिहून दिली. फेटाळली. वरच्या साहेबाकडे गेले, त्यानं खाली पाठवलं. बिल आलं, त्यावर दंड आला, मग जप्तीची नोटीस दारावर चिकटवून गेले. मॅडम म्हणाल्या, "अगं, ठेवायचं ना ते प्लायवूड, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मी त्यांच्याकडे जायचं सोडलं. त्यांचं काही अडलं नाही, आता ॲपवरून मागवतात. माझं रविवारचं गिऱ्हाईक तेवढं गेलं. गल्लीतली माणसंही समजावतात. वाकडं व्हायला शिक गो बाय, सरळ झाड आधी तोडतात.

नवरा म्हणतो, शेवटी सील लागणार. बरोबर आहे त्याचं. मला काही आशा नाही. कुणी वरचा साहेब माझं ऐकून हळहळेल, कायदा बदलेल, असं मला वाटत नाही. मी हरणार. पण हरायचं कसं, ते मी ठरवणार. दोन चुलींचा अर्ज मी करणार नाही. कोणाचा कोणाशी संबंध नाही, असं या घरातलं एकही माणूस लिहून देणार नाही. पैसे जमतील तेवढे बँकेतून भरू, पावती घेऊ, उरलेल्यासाठी जे होईल ते सोसू. आणि साहेब, सील मारायला याल तेव्हा दुपारी या, जेवायच्या वेळेला. आम्ही सगळे पडवीत बसलेले असू, आयेला मध्ये घेऊन. एका टोपातलं वाढत असेन मी. तोंडातला घास काढून एकेकाला उठवा. मी मधेच उठणार नाही.