माण ते सांगली, शुद्ध मराठीत

सातारच्या स्टँडवर दहिवडीची एस.टी. लागली, तेव्हा मी पुण्याहून निघून चार तास झाले होते आणि पोटात फक्त एक चहा होता. काम मात्र साधं होतं. सातारा-सांगलीतल्या नव्या अंगणवाडी सेविकांना शिकवायला आमच्या बालशिक्षकांच्या संघटनेला एक प्रशिक्षिका नेमायची होती. माण तालुक्यातल्या एका वाडीवरून शालनताई नावाच्या सेविकेचा अर्ज आला होता. त्यांचा वर्ग पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना निवडीसाठी सांगलीला घेऊन जायचं, एवढंच मला सांगितलं होतं. मी जन्मभर बालवाडी चालवली आणि निवृत्त झाले, पण दुसऱ्याला सुधारायची हौस काही निवृत्त झाली नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

पुसेगाव मागे पडलं तशी हिरवाई विरळ होत गेली. बोडकी टेकाडं, बाजरीची कापलेली रानं, रस्ता अडवून निवांत चालणारी मेंढरं. दहिवडीहून वडापच्या (माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी) जीपमध्ये अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर, अशी मी वाडीवर पोचले.

अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि समोर कडुनिंब. आत जाते तो काय, पोरांच्या मधोमध एक करडू (शेळीचं पिल्लू) उभं! कुणाच्या तरी मागोमाग आलं होतं. मी असते तर आधी त्याला हाकललं असतं. शालनताईंनी त्यालाच धडा केलं होतं.

"ह्याला पाय किती?"

"च्यार!"

"आन मला?"

"दोन!"

त्यांनी करडू कडेवर घेतलं. "मंग आता आमी दोघं मिळून किती पायांवर हुबं हाय?"

"सा!" असा गलका झाला. एक शेंबडी पोर मात्र उठून त्यांच्या पायांशी वाकून बघत म्हणाली, "न्हाई बाई, दोनच. करडाचं पाय कुटं भुईला लागत्यात?" मग जे भांडण जुंपलं, ते खिचडी येईपर्यंत मिटलं नाही. शालनताई मधे पडल्या नाहीत, नुसतं "व्हय?" आणि "कसं काय?" विचारत राहिल्या. इतका चांगला वर्ग मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

दुपारी त्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) जेवले. मालक मुंबईला, मुलगा फौजेत. जेवताना त्या म्हणाल्या, "मी लागले तवा माज्या हातात एक रजिस्टर आन एक चटई दिली. पोरांम्होरं बोलायचं काय, कुणी सांगितलं न्हाई. नव्या पोरी आजबी तशाच येत्यात, आन रडत्यात. त्यास्नी शिकवायचंय बगा मला."

सेविकेला पुढे जायच्या वाटा मोजक्याच. मुख्यसेविकेच्या परीक्षेचं त्यांचं वय उलटून गेलं होतं. राहिली होती ही आमची नेमणूक, आणि तिचीही वयाची अट त्यांच्यासाठी याच वर्षी संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सांगली गाडीत आम्ही शेजारी बसलो आणि मी माती खाल्ली. मायणीच्या अलीकडेच मी म्हटलं, "ताई, तिथे तीन परीक्षक असतील. जरा शुद्ध बोललात तर बरं पडेल. 'हाय' नको, 'आहे' म्हणा."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि लगेच, "हो."

विटा येईपर्यंत आमचं 'न्हाई' सुटलं. तासगावच्या द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड खिडकीतून जात होत्या, आणि त्या बाहेर न बघता पुटपुटत होत्या, "या करडाला पाय किती आहेत, बरे?" मी खूश होऊन मान डोलावत होते. आपण किती मदत करतोय, असंच मला वाटत होतं.

सांगलीतल्या एका बालवाडीत निवड होती. प्रत्येकीने तिथल्या मुलांना एक धडा द्यायचा. शालनताईंपुढे कापडाची शेळी ठेवलेली होती. त्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वाक्यानंतर मुलांकडे न बघता मागे माझ्याकडे बघू लागल्या. मुलं गप्प. तेवढ्यात पुढचा एक पोरगा म्हणाला, "बाई, तुमाला भ्या वाटतंय व्हय?"

वाडीवर त्या यावर हसल्या असत्या आणि त्याच्याशी बोलत बसल्या असत्या. इथे त्या म्हणाल्या, "नाही बाळा, मला भीती वाटत नाही." आणि पुढचं वाक्य आठवू लागल्या.

चारच्या सुमारास निकाल लागला. निवड दुसऱ्याच एकीची झाली. मी परीक्षकांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी शेरा दाखवला. 'भाषा शुद्ध. परंतु मुलांशी बोलत नाहीत, पाठ म्हणतात.'

"त्यांची खरी बोली वेगळी आहे हो. ती मीच बदलायला लावली. पुन्हा एकदा संधी द्या."

"बाकीच्या सगळ्याजणींनी एकदाच दिलाय धडा," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्यांचा वर्ग पाहिला होता ना? मग हे केलंत कशाला?"

स्टँडवर मी भडंगाची पुडी घेतली. ती आम्ही दोघींनीही फोडली नाही. मी शालनताईंना सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, एक इचारू? माजं बोलणं तुमाला वंगाळ वाटलं व्हय?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो. वाटलं."

त्यांनी पिशवी उचलली आणि विट्याच्या गाडीत जाऊन बसल्या. खिडकीची जागा होती, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुण्याला येऊन मी संघटनेला लिहून कळवलं की चूक माझी आहे, आणि वयाची अट त्यांच्यापुरती एक वर्षाने पुढे न्यावी. उत्तर अजून आलेलं नाही. एवढी वर्षं मुलांना 'मोकळेपणाने बोला' म्हणणारी मी, वाटेत एका मोकळ्या बाईचं तोंड बंद करून आले. याची मला फार लाज वाटते.

परवा धीर करून शालनताईंना फोन लावला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, "ताई, कशा आहात?"

"नमस्कार बाई," त्या म्हणाल्या. "मी बरी आहे. मुले बरी आहेत. आपण कशा आहात?"

एकही शब्द चुकला नव्हता.