दत्तूच्या पानावरचं चिकन

दत्तू माझ्याशिवाय जेवायला जात होता. हे मला आज कळलं, त्याला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी.

गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

दत्तू म्हणजे आमचा दत्तू जीपवाला. मोखाडा-जव्हार लाइनवर आयुष्यभर जीप चालवली. मी पंचायत समितीत शिपाई होतो. पुढची सीट तो माझ्यासाठी ठेवायचा. रस्त्यावर एखादा साहेब उभा असला तरी.

निदान मला तसं वाटायचं.

जव्हारला एक कोरियन हॉटेल आहे. हसू नका. सूर्यमाळचा एक माणूस मुंबईत असल्या हॉटेलात कामाला होता, त्याने परत येऊन टाकलं. टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी. मसाल्यात मुरवलेलं कच्चं चिकन आणून देतात. आपणच चिमट्याने भाजायचं आणि खायचं.

पेन्शन झाली की मी आणि दत्तू तिथे जायचो. चिमटा माझ्याकडे. मला कच्च्याची फार भीती, पोट बिघडलं तर काय घ्या. म्हणून मी चांगलं काळं होईपर्यंत भाजायचो. दत्तू गुमान खायचा.

"झकास झालंय," म्हणायचा. "ही आपली दोघांचीच जागा बबन. कुणाला सांगू नको, गर्दी होईल."

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

आमच्याकडे वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. मटण-मासळीही चालते. परवा दत्तूच्या घरून वहिनींचा फोन आला.

"बबन भाऊजी, येताना त्यांच्या आवडीचं काहीतरी घेऊन या. तुम्हाला तर माहीतच आहे."

तुम्हाला तर माहीतच आहे.
हे ऐकून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

आज सकाळीच जीप धरून जव्हार गाठलं. उशीर होईल, चिकन संपेल, पार्सल सांडेल, सगळ्या काळज्या करून झाल्या. हॉटेल उघडलं तसा आत शिरलो.

आमच्या टेबलावर गुरुजी बसले होते.

गुरुजी पोशेऱ्याच्या शाळेतून रिटायर झालेले. गोड बोलणं, सुंदर अक्षर. दत्तूच्या जीपने शाळेत जायचे. तेवढीच ओळख असेल, असं मी धरून चाललो होतो.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"वहिनी म्हणाल्या, त्याच्या आवडीचं आणा."

"तुम्हाला काय माहीत त्याच्या आवडीचं?"

"अहो, बाजाराच्या दिवशी यायचो की आम्ही. आपली दोघांचीच जागा म्हणायचा. पण तुम्ही कसे इथे बबनराव?"

मी खिशातली बीपीची गोळी काढून घेतली.

मालक म्हणाला, भाजून देणार नाही, टेबलावर तुम्हीच भाजा आणि पार्सल न्या. बघतो तर निखारे गायब, खाली गॅस.

"पर्यटकांच्या डोळ्यांत धूर जातो, काका."

गॅसवर चिकनला नुसतं पाणी सुटलं. त्यात चिमट्यावरून आमची जुंपली.

"काढा आता," गुरुजी म्हणाले. "त्याला मऊ लागायचं."

"मऊ? काळं लागायचं त्याला."

"काळं कोण खातं?"

"दत्तू खायचा. माझ्या हातचं."

"माझ्याबरोबर तर तोच भाजायचा. गुरुजी, तुम्ही नुसते बसा म्हणायचा. चिमट्याला हात लावू दिला नाही कधी."

इतक्या वर्षांत माझ्यासाठी दत्तूने एकदाही चिमटा धरला नव्हता. एकदाही.

चाखून भांडण मिटवावं तर तीही सोय नाही. पानावर वाढायचं ते उष्टं करत नाहीत. दोन म्हातारे समोर चिकन ठेवून उपाशी बसलो. शेवटी अर्धं त्यांचं मऊ काढलं, अर्धं माझं काळं केलं. दोन पार्सलं.

मग भुकेने राहवेना, म्हणून आम्हाला खायला एक प्लेट मागवली. गुळमट, चिवट, रबरासारखं. याच चिकनसाठी मी महिनाभर पेन्शनची वाट बघायचो.

"आधी असं नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं," गुरुजी म्हणाले.

त्यांना आधीची चव माहीत आहे, हेसुद्धा मला सहन झालं नाही.

परतीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर गुरुजी चढून बसले.

वहिनींनी दोन्ही पार्सलं उघडली आणि बघतच राहिल्या.

"हे काय?"

"त्याच्या आवडीचं," आम्ही दोघंही म्हणालो.

"ह्यांना कुठे आवडायचं हे? तिथून आले की भाकरी मागायचे. नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी म्हणायची, आवडत नाही तर जाता कशाला? तर म्हणायचे, त्याला आवडतं ना. एकट्याने बसून खायला त्याला कसंतरी होतं."

"कुणाला?" मी विचारलं.

गुरुजींनीही तेच विचारलं.

वहिनी आत वळल्या. "आता ते मला काय ठाऊक? मी नाव विचारलं नव्हतं."

पानावर भाकरी आणि सुकट वाढली. आमचं चिकन वहिनींनी कडेला ठेवलं, आमचं मन राखायला. कावळा आला, भाकरी उचलून गेला. चिकनकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यापासून एकच विचार चाललाय.

गुरुजींबरोबर त्याने मऊ खाल्लं. स्वतः भाजून, स्वतःला गिळवेल असं.

माझ्याबरोबर त्याने नावडतं खाल्लं, तेही जळकं, आणि वर झकास म्हणाला.

जास्त कुणासाठी सोसलं, ते ज्याचं त्याने ठरवावं. गुरुजी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांनीही वाचावं.

दत्तू, तिकडे तरी तुला आवडेल तेच जेव.

आणि गुरुजी आधी आले तर त्यांच्याबरोबर लगेच पानावर बसू नको. मी येईपर्यंत थांब.

तुझ्या बबनचा रामराम.